दहापैकी उणे चार

पायलिंट नावाचा एक तपासनीस आहे. पायथन भाषेत लिहिलेला प्रोग्राम त्याच्यापुढे ठेवला की तो ओळ न् ओळ वाचतो, चुकांची यादी काढतो आणि शेवटी दहापैकी गुण देतो. इथवर ठीक आहे. पण त्याच्या जुन्या आवृत्त्यांत गुणांना खालच्या बाजूनं कुंपणच नव्हतं. प्रोग्राम पुरेसा वाईट असला की दहापैकी उणे चार, उणे अकरा, असं काहीही पडायचं. परतूरला शाळेत आम्हाला एकाहून एक कडक मास्तर होते, पण त्यांतले सगळ्यात कडकसुद्धा भोपळ्यावर थांबायचे. नव्या आवृत्त्यांनी ही क्रूरता सोडली आहे. आता पायलिंटही शून्यावर थांबतो. मात्र गुणांशेजारी मागच्या खेपेचे गुण छापायची खोड काही गेलेली नाही. मागच्या वेळी सात पूर्णांक दोन, या वेळी सहा पूर्णांक नऊ. प्रगतिपुस्तकावर वडिलांची सही तेवढी घ्यायची राहते.

असे तपासनीस आजचे नाहीत. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत स्टीफन जॉन्सन यांनी सी भाषेसाठी 'लिंट' लिहिला तो १९७८ च्या सुमारास. त्यानंतर प्रत्येक भाषेनं आपापला एकेक पाळला. रुबी भाषेवाल्यांनी तर थेट पोलीसच नेमला. बोझिदार बात्सोव या बल्गेरियन प्रोग्रामरनं २०१२ मध्ये सुरू केलेला हा रुबोकॉप. त्यातल्या प्रत्येक नियमाला म्हणतात 'कॉप', नियमांच्या गटाला 'डिपार्टमेंट', आणि तुमच्या हातून जे घडतं त्याला 'ऑफेन्स'. जुन्या प्रोग्रामवर तो पहिल्यांदा सोडला की गुन्ह्यांची रास लागते. मग त्याच्याकडेच एक पळवाटही आहे. सगळे जुने गुन्हे एका 'टुडू' फाईलमध्ये लिहून ठेवायचे आणि तूर्त माफ करायचे. फाईलचं नाव 'करायचं आहे', आणि तिची ख्याती अशी की त्यातलं कुणी कधी करत नाही.

गुन्हे तरी कसले? ओळीच्या शेवटी राहिलेली रिकामी जागा. जी दिसत नाही, छापली जात नाही, कुणाच्या पोटात दुखत नाही; पण त्याला दिसते. ओळ लांबली हा दुसरा गुन्हा. पायथनच्या २००१ च्या नियमावलीत एका ओळीत ७९ अक्षरांची मर्यादा आहे. एवढा विचित्र आकडा आला कुठून, असं विचारलं तर बोट जातं आयबीएमच्या १९२८ सालच्या भोकांच्या कार्डाकडे. त्या कार्डावर ८० रकाने होते. कार्डं केव्हाच भंगारात गेली, रकान्यांचा धाक तेवढा मागे राहिला. असले किरकोळ गुन्हे रुबोकॉप स्वतःच दुरुस्त करून देतो. पण त्याच्या 'मेट्रिक्स' खात्यातले गुन्हे, म्हणजे फंक्शन फार लांबलंय, अटी फार झाल्यात, गुंता वाढलाय, तिथं तो नुसता बोट दाखवतो. हात लावत नाही. मला हा पोलीस आवडतो तो याचसाठी. आपल्याला काय जमत नाही ते त्याला ठाऊक आहे.

मी कोरोनात परतूरला आलो आणि इथंच राहिलो. माडीवरच्या खोलीत बसून पुण्यातल्या एका कंपनीचं काम करतो. गावानं याचा अर्थ असा लावला आहे की पोरगा दिवसभर घरी असतो, म्हणजे मोकळा आहे. आणि कॉम्प्युटरचा आहे, म्हणजे त्याला प्रिंटर दुरुस्त करता येतो. अशाच एका प्रिंटरच्या निमित्तानं मोंढ्यातल्या एका अडत दुकानात गेलो. प्रिंटरचं दुखणं अडकलेल्या कागदाचं निघालं. मी उठणार, तेवढ्यात शेठ म्हणाले, "आलासच तर हे बी बघ की. पट्टी कधी कधी चुकायली."

पट्टी म्हणजे शेतकऱ्याच्या हातात पडणारी हिशोबपट्टी. किती पोती, किती वजन, भाव काय, कपात किती, हमाली-तोलाई किती आणि शेवटी हातात किती. ती काढणारा पायथनचा एक छोटा प्रोग्राम दुकानातल्या संगणकावर होता. छोटा म्हणजे सुरुवातीला छोटा असणार. जालन्याच्या एका पोरानं तो लिहिला, शेठच्या भाच्यानं वाढवला, मग ज्याला जशी सवड मिळाली तसा त्यानं त्यात हात घातला. सगळा कारभार 'पट्टी' नावाच्या एकाच फंक्शनमध्ये. माल सोयाबीन असेल तर ओलावा बघ. ओलावा बाराच्या वर असेल तर कपात कर. माल भिजलेला असेल तर कपात दुप्पट. पण गाडी सकाळी लवकर आली असेल तर थोडी सूट दे. तूर असेल तर ओलावा सोड, माती-काडी बघ. पोतं तागाचं असेल तर बारदाना एवढा वजा, प्लास्टिकचं असेल तर तेवढा. हमाली लाव, पण गाव अमुक असेल तर लावू नको. जुनं खातं असेल तर उचल वजा कर, उचल दिवाळीची असेल तर व्याज वेगळं, आणि नाव तमुक असेल तर व्याज नाहीच. अटीच्या पोटात अट, तिच्या पोटात आणखी एक, असं करत करत ओळी डावीकडून उजवीकडे सरकत पडद्याबाहेर निघाल्या होत्या. लिनक्सच्या लेखनशैलीच्या नियमावलीत बजावून ठेवलंय की तीनपेक्षा जास्त पायऱ्या आत उतरावं लागत असेल तर तुमचं काही खरं नाही, आधी प्रोग्राम सुधारा. इथं सात पायऱ्या होत्या आणि सातव्या पायरीवर कुणीतरी प्लास्टिकचं पोतं ठेवलं होतं.

त्यात हमाली हा शब्द रोमन लिपीत तीन तऱ्हांनी लिहिलेला. तिन्ही स्पेलिंगांची तीन वेगळी व्हेरिएबलं झाली होती आणि त्यांतल्या एकाला कुणी विचारतही नव्हतं. मराठी साहित्य महामंडळानं शुद्धलेखनाचे १४ नियम १९६२ मध्ये केले, १९७२ मध्ये आणखी चार घातले. पण रोमन लिपीतल्या हमालीला ते अठराही कामाला येत नाहीत. तिथं तपासनीसच लागतो. हे व्हेरिएबल भरलंय पण वापरलं कुठंच नाही, एवढं तो बरोबर पकडतो. खरं तर महामंडळानंही तेच केलं होतं. त्या नियमांनी सगळ्यात मोठी सफाई केली ती उच्चार न होणाऱ्या अनुस्वारांची. पूर्वीची पोरं नाकात न येणारे ते ठिपके व्युत्पत्ती आठवून आठवून द्यायची. वाचताना ज्याचा उपयोग नाही आणि लिहिताना ज्याचा धाक आहे, अशा गोष्टीला आमच्या धंद्यात 'डेड कोड' म्हणतात.

असो. मी दुकानातच लॅपटॉप उघडून फ्लेक-एट नावाचं साधन 'पट्टी'वर चालवलं. त्यानं एका ओळीत निकाल दिला: पट्टी फार गुंतागुंतीची आहे, ४७.

शेजारी मुनीमजी बसले होते. दुकानातले सगळ्यात जुने. कानावर पेन, पुढ्यात कीर्द. संगणक आला तरी त्यांनी कीर्द सोडलेली नाही, कारण कीर्द वीज गेली तरी उघडते. ते वाकून पडद्याकडे बघत म्हणाले, "सत्तेचाळीस काय? क्विंटल?"

हा प्रश्न दिसतो तितका भाबडा नाही. गुंत्याला एकक काय लावायचं, याच्यावर या धंद्यातली शहाणी माणसं पन्नास वर्षं भांडत आली आहेत. थॉमस मॅकेब या अमेरिकन गणितज्ञानं डिसेंबर १९७६ मध्ये एक निबंध छापला आणि सांगितलं की प्रोग्राम म्हणजे वाटांचा नकाशा समजा. ऑयलरनं अठराव्या शतकात कोनिग्सबर्गच्या सात पुलांचं कोडं ज्या रीतीनं सोडवलं, त्याच घराण्यातलं हे गणित. ठिकाणं मोजा, त्यांना जोडणाऱ्या रेघा मोजा. रेघांतून ठिकाणं वजा करा, दोन मिळवा. एवढा खटाटोप नको असेल तर सोपी रीत आहे. एकापासून सुरुवात करा आणि प्रत्येक 'जर'ला एक मिळवा. एकही 'जर' नसलेला सरळमार्गी प्रोग्राम म्हणजे एक. आमची पट्टी सत्तेचाळीस. म्हणजे मॅकेबच्या हिशोबानं तिच्यातल्या सगळ्या स्वतंत्र वाटा तपासायच्या तर ४७ वेगवेगळ्या तऱ्हेच्या गाड्या काट्यावर घ्यायला हव्यात.

"हंगामात येत्यात की तेवढ्या," मुनीमजी म्हणाले.

मॅकेबनं मर्यादा सुचवली दहाची. त्याच वाक्यात त्यानं हेही लिहिलं होतं की दहा हा आकडा व्यवहार्य वाटतो, त्यात जादू काही नाही. पुढच्या मंडळींनी वाक्याचा पहिला भाग पाठ केला आणि दुसरा सोडून दिला. रुबोकॉप सातवर शिट्टी मारतो, जावास्क्रिप्टचा ईएसलिंट वीसपर्यंत दम धरतो, पायलिंट बारा फाट्यांनंतर कुरकुरतो. प्रत्येकाची सहनशक्ती वेगळी, आणि प्रत्येकजण आपला आकडा आकाशातून उतरल्यासारखा सांगतो.

मला त्या निबंधात आकड्याहून जास्त आवडते ती एक बाजूची नोंद. मॅकेबनं पीडीपी-१० यंत्रावर एक साधन बनवलं होतं. ते फोरट्रानचे प्रोग्राम वाचून त्यांच्या वाटांच्या आकृत्या पडद्यावर काढायचं. एखाद्याचं वर्षभराचं काम वीसेक मिनिटांत डोळ्यांखालून जायचं. तेव्हा त्याच्या लक्षात आलं की काही आकृत्या बघितल्या की लिहिणाऱ्याची ढब ओळखू येते. एकाच्या आकृत्यांत छोटी, साधी लूपं एकामागोमाग एक ओळीनं लावलेली असत. मागाहून कळलं की ते प्रोग्राम शेवटी सीडीसी-६६०० या दुसऱ्याच यंत्रावर चालणार होते आणि त्या यंत्राच्या सोयीनं लूपं मुद्दाम आखूड ठेवली होती. लिहीत होता फोरट्रान, पण मनात ते यंत्र होतं. हे वाचलं आणि मला आमच्याकडची जुनी माणसं आठवली. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाच्या राज्यातून सुटला, पण त्याआधी उर्दूतून शाळा शिकलेली पिढी पुढं कितीतरी वर्षं मराठी लिहीत होती. त्यांच्या अर्जात 'दरखास्त' असायची, 'तामील' असायची, आणि वाक्याचं शेपूट कुठंतरी हैदराबादला जाऊन यायचं. मजकूर मराठी, चाल उर्दू. तहसीलमधल्या कारकुनाला सही न बघता कळायचं की अर्ज कुणाचा आहे.

एवढ्याशा पट्टीसाठी हा एवढा प्रपंच कशाला, असं कुणी म्हणेल. तर २०१३ मध्ये अमेरिकेत ओक्लाहोमा राज्यातल्या न्यायालयात टोयोटाच्या एका मोटारीच्या अपघाताचा खटला चालला. गाडी आपोआप वेग घेते, अशी तक्रार होती. इंजिनाचं थ्रॉटल सांभाळणारा प्रोग्राम तपासून मायकल बार या तज्ज्ञानं साक्ष दिली, आणि त्या साक्षीत मॅकेबचा हाच आकडा आला. ६७ फंक्शनं पन्नासच्या वर. थ्रॉटलचा कोन ठरवणारं फंक्शन शंभराच्या वर. पन्नासच्या वर गेलेलं धड तपासता येत नाही आणि शंभराच्या वर गेलेलं सांभाळता येत नाही, असं त्याचं म्हणणं. ज्यूरीनं निकाल कंपनीच्या विरोधात दिला. मोटारींतल्या सी भाषेच्या प्रोग्रामांसाठी 'मिस्रा' नावाची नियमावली १९९८ पासून आहे. पहिल्या आवृत्तीतच १२७ नियम होते. पुण्याला टाटांच्या टीआरडीडीसी या संशोधन केंद्रात असा कोड तपासणारी साधनं तयार झाली आहेत, आणि पिंपरी-चिंचवडच्या आसपास मोटारींचा कोड लिहिणारी कितीतरी मराठी पोरं-पोरी सकाळचा चहा तपासनिसाच्या अहवालासोबतच घेतात.

पण नीट लिहिण्याची नियमावली हवी म्हणून पुण्याला किंवा अमेरिकेला जायची परतूरच्या माणसाला तरी गरज नाही. आमच्या स्टेशनवर उतरणाऱ्यांत रामनवमीच्या सुमाराला एक वेगळी गर्दी असते, जांबला जाणारी. जांब म्हणजे समर्थ रामदासांचं जन्मगाव. शके १५३०, इसवी सन १६०८. हल्ली ते घनसावंगी तालुक्यात येतं, पण रेल्वेनं येणाऱ्याला परतूरच जवळ. तर या आमच्या शेजाऱ्यांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास फक्त लेखनक्रियेवर खर्च केला आहे. अध्यात्म बाजूला ठेवून अक्षर कसं काढावं, याच्यावर अख्खा समास. प्रोग्रामर माणसानं तो एकदा वाचावाच. अक्षर गोल, सरळ, मोकळं असावं. काना, मात्रा, वेलांटी सगळी नेटकी. ओळीला ओळ भिडू नये, वरच्या ओळीचं लांब अक्षर खालच्या ओळीत घुसू नये. पानावर आधी शिशानं रेघा आखून घ्याव्यात आणि ओळींमधलं अंतर कुठं कमी, कुठं जास्त होऊ देऊ नये. पहिल्या अक्षरापासून ग्रंथ संपेपर्यंत एकाच टाकानं, एकाच बैठकीत लिहिल्यासारखं दिसावं. शोधणाऱ्याला चूक सापडू नये. आणि चारी बाजूंनी कोरी जागा सोडावी, म्हणजे कागदाच्या कडा झडल्या तरी अक्षराला धक्का लागणार नाही. हे सगळं रुबोकॉपच्या 'लेआउट' खात्यात आजही तसंच बसेल.

मात्र त्यातला एक सल्ला कुठल्याच तपासनिसाला अजून जमलेला नाही. समर्थ म्हणतात, तरुणपणी फार बारीक अक्षर काढू नका. म्हातारपणी ते उपयोगाचं राहत नाही. मध्यम काढा. पंचविशीतला प्रोग्रामर पाच अटी एका ओळीत कोंबतो, त्या ओळीकडे बघून स्वतःवरच खूश होतो, आणि चाळिशीत चष्मा लावून तीच ओळ वाचताना विचारतो, हे कुठल्या शहाण्यानं लिहिलं. ओळीची लांबी मोजता येते. वाचणाऱ्याचं वय मोजायचं साधन अजून निघायचं आहे.

आणखी एक. दासबोधात २० दशक, प्रत्येकात बरोबर १० समास, एकूण ओव्या ७,७५१. एकाही दशकात अकरावा समास नाही. मॅकेबच्या तीनशे वर्षं आधी दहाची मर्यादा आमच्या तालुक्याच्या शिवेवरच्या माणसानं पाळून दाखवली होती. आता कुणी म्हणेल की हा योगायोग आहे. असू द्या, पण आम्हाला तेवढा मिरवू द्या. तसं तर 'सावधान' ऐकताच बोहल्यावरून निघून जाणं, ही जी कथा परंपरा सांगते, तिच्यातही गुंता टाळायची एक उत्तम रीत आहे. आमच्यात तिला 'अर्ली रिटर्न' म्हणतात. पुढं जे होणार नाही ते पहिल्या ओळीतच सांगायचं आणि बाहेर पडायचं. सातव्या पायरीपर्यंत उतरून मग नकार द्यायचा नाही.

बरं, ४७ चे दहा करायचे कसे? सगळ्यात सोपी युक्ती कोणालाही सुचते आणि तीच सगळ्यात वाईट. फंक्शन मधोमध फोडायचं. 'पट्टी_१', 'पट्टी_२', असं करत करत 'पट्टी_शेवटची', आणि त्यानंतर लागलीच म्हणून 'पट्टी_शेवटची_खरी'. प्रत्येकाचा आकडा दहाच्या आत. तपासनीस खूश, अहवाल हिरवा. गुंता मात्र तेवढाच, फक्त वेगवेगळ्या खोल्यांत वाटून ठेवलेला, आणि वाचणाऱ्याला दर मिनिटाला एका खोलीतून दुसरीत पळावं लागतं. मोजमाप हेच उद्दिष्ट झालं की ते मोजमाप म्हणून कामातून जातं, ही गोष्ट चार्ल्स गुडहार्ट या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाच्या नावानं ओळखली जाते. त्यानं ती १९७५ मध्ये पतधोरणाबद्दल सांगितली होती.

शिवाय मॅकेबचा आकडा कधी कधी भलत्यालाच झोडपतो. बारा महिन्यांची नावं सांगणारं फंक्शन बघा. चैत्र आला तर हे, वैशाख आला तर ते. आकडा बारा-तेरा, मर्यादेच्या बाहेर. पण तिसरीतलं पोरही वाचेल. उलट तीन 'जर' एकाच्या पोटात एक घातले तर आकडा फक्त चार, पण डोकं धरून बसायची वेळ येते. सोनारसोर्सवाल्यांनी म्हणूनच वेगळं माप काढलं, समजायला किती जड हे मोजणारं. त्यात पोटातल्या 'जर'ला जास्त दंड असतो: पहिल्याला एक, त्याच्या आतल्याला दोन, त्याच्याही आतल्याला तीन. आणि महिन्यांची ती अख्खी यादी मिळून एकच गुण. हे माप मला जास्त पटतं. आमची पट्टी त्या मापावर किती भरली ते सांगत नाही. शेठ हा मजकूर वाचण्याची शक्यता आहे.

मग मी फंक्शन फोडायच्या आधी मुनीमजींना शेजारी घेतलं आणि एकेका 'जर'वर बोट ठेवत गेलो.

"हे काय, भिजलेला माल असला की कपात दुप्पट?"

"ते अतिवृष्टीच्या सालचं. शेंगातच कोंब फुटले होते सोयाबीनला. शेठनं तेवढ्या हंगामापुरती लावली होती."

"आता लावता?"

"छ्या. आता काहून लावू?"

लावत नव्हते, पण यंत्र लावत होतं. एखाद्या शेतकऱ्याच्या नावापुढं चुकून 'भिजलेला'ची खूण पडली की त्याच्या पट्टीतून दुप्पट पैसे जात होते. पट्टी 'कधी कधी' चुकत होती ती इथं. तपासनिसानं ४७ सांगितले. त्यातला एक सडका आहे आणि तो कुठला, हे त्याला कळणं शक्यच नव्हतं. त्याच्या लेखी ती एक बिनचूक लिहिलेली, व्यवस्थित आत सरकवलेली, शेवटी रिकामी जागा नसलेली ओळ होती.

ओलाव्याच्या मर्यादेचा घोळ त्याहून मजेशीर. हमीभावाच्या खरेदीत सोयाबीनला १२ टक्के ओलावा चालतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारनं ती मर्यादा त्या हंगामापुरती १५ वर नेली. अडतीचा त्याच्याशी थेट संबंध नाही; पण काट्यावर आलेला माणूस विचारणारच, "तिकडं पंधरा, मग इथं बाराच कसं?" भाच्यानं त्यावर तोडगा म्हणून आणखी एक 'जर' घातला, तारखेसकट. तो तीन ठिकाणी घालावा लागला, कारण बारा हा आकडा तीन ठिकाणी लिहिलेला होता. दोन ठिकाणी तारीख आहे. तिसऱ्या ठिकाणी सरकारनं मर्यादा कायमची वाढवली आहे.

"आणि ही सकाळच्या गाड्यांची सूट?"

"दव असतंय सकाळचं. पोतं वरून ओलं लागतं, मीटर जास्त दाखवतंय. दाणा कोरडाच असतो की आतून. ते काढू नको."

ते काढलं नाही. त्या गावाची हमालीही काढली नाही, कारण तिथली माणसं गाडी स्वतः खाली करतात, मग त्यांच्याकडून हमाली कशाची घ्यायची? हे 'जर' प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या आळसातून आलेले नाहीत. ते दवातून आणि माणसांच्या रीतीतून आलेत. त्यांना उडवून आकडा कमी करणं म्हणजे दव पडत नाही असं जाहीर करणं.

शेवटी तो तमुक नावाचा माणूस, ज्याच्या उचलीला व्याज नाही. मुनीमजींनी चष्मा काढून पुसला. "शेठचे व्याही. गेले की ते."

"मग काढू?"

"राहू दे. पोरगा येतो आता त्यांचा."

असं बसून आधी मेलेल्या अटी काढल्या. ज्या मालाला दुकान हातच लावत नाही, त्याला पहिल्या दोन-तीन ओळींतच परत पाठवलं. मालानुसार बदलणारे आकडे, बारदान्याचं वजन, कपातीची मर्यादा आणि ती केव्हापासून केव्हापर्यंत, हे सगळं 'जर'मधून उचलून एका तक्त्यात लिहिलं. सवलतीच्या खात्यांचा तक्ता वेगळा. त्यात कारणाचा रकाना आहे आणि मुनीमजींनी तिथं 'व्याही' एवढंच लिहिलंय. हमालीचं स्पेलिंग एक केलं. एवढं झाल्यावर फ्लेक-एट पुन्हा चालवला. त्यानं काहीच म्हटलं नाही. तक्रार नसली की हे साधन अवाक्षर काढत नाही, त्यामुळे शेठना दाखवायला माझ्याकडे काही उरलं नाही. त्यांनी पडद्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "झालं का? काय केलंस मग?"

गुंता कमी करण्याच्या कामाची ही जुनी अडचण आहे. वाढवलेलं दिसतं, कमी केलेलं दिसत नाही. पुण्याच्या कंपनीतही हाच अनुभव. चारशे ओळी लिहिणाऱ्याचं कौतुक होतं. चारशे काढणाऱ्याला विचारतात, काही मोडलं तर नाही ना?

तपासनीस मी सोडणार नाही. माझ्या प्रत्येक कामावर तो आधी चालतो, मग माणसं बघतात, आणि त्यामुळे माणसांना रिकाम्या जागांवर भांडायला वेळ मिळत नाही. मर्यादा दहाची ठेवली आहे. कुठं ओलांडायची असेल तर त्याला गप्प करणारी टीप लिहिता येते, पण आमच्याकडे तिच्याशेजारी कारण लिहावं लागतं, आणि कुणाला विचारायचं त्याचं नावही. पुष्कळ ठिकाणी ही टीप नुसतीच असते. ज्यांच्याकडे असे अनाथ अपवाद पडून असतील त्यांनी ते लिहिणारी माणसं नोकरीत आहेत, हयात आहेत, तोवर एकदा विचारून घ्यावेत.

'पट्टी'चा आकडा आता नऊ आहे. ओलाव्याची मर्यादा पुन्हा बदलली तर तक्त्यात एक ओळ वाढेल आणि ती मुनीमजी स्वतः भरतील, त्यासाठी मला बोलावायची गरज नाही. प्रिंटरसाठी अजून बोलावतात.